लाल दिव्याची गाडी

मंत्र्यांच्या आणि साहेबांच्या गाड्यांवरचे लाल दिवे केंद्र सरकारने १ मे २०१७ पासून उतरवले. आमच्या सोसायटीतल्या एका गाडीचा लाल दिवा मात्र त्यानंतरही बरीच वर्षं चालू राहिला, कारण तो टपावर नव्हता, डॅशबोर्डवर होता. गाडी १९६८ सालची फिएट ११०० डिलाइट, मालक पहिल्या मजल्यावरचे काका आणि दिवा बॅटरी चार्ज होत नसल्याचा. मंत्र्यांचा दिवा लागला की रस्ता मोकळा व्हायचा. काकांचा लागला की आमच्या इमारतीचा जिना मोकळा व्हायचा. धक्का मारायला माणसं लागणार, हे वरच्या मजल्यांना आवाजावरून कळत असे.

मी गाडीवाला नाही. जुन्या गाड्यांच्या जगात माणसांचे दोन वर्ग असतात : स्टिअरिंग धरणारे आणि डिकी धरणारे. मी दुसऱ्या वर्गातला, म्हणजे धक्केकरी. धक्केकऱ्याला गाडीबद्दल जे कळतं ते मालकाला कळत नाही. मालक पुढे बघत असतो आणि आपण गाडी चालवतोय अशा समजुतीत असतो. ती कोण चालवतंय, हे मागच्यांना माहीत असतं.

ही गाडी विकायची नाही, हा काकांच्या घरचा मूलभूत कायदा. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली ही गाडी काकांच्या वडिलांनी नंबर लावून, वर्षानुवर्षं वाट बघून घेतली होती. हिच्याच धाकट्या बहिणी १९७४ पासून ‘पद्मिनी’ नावाने निघाल्या, काळ्यापिवळ्या रंगात मुंबईभर फिरल्या आणि त्यांतली शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून निवृत्त झाली. काकांनी ती बातमी कापून ग्लव्हबॉक्समध्ये ठेवली. नातेवाइकांच्या निधनाच्या बातम्यासुद्धा ते इतक्या निगुतीने ठेवत नाहीत.

आता दुखणं नीट समजून घेऊ. जुन्या फिएटमध्ये वीज करतो तो डायनमो. हे यंत्र तत्त्वनिष्ठ आहे. इंजिन पळत असेल तर वीज, रेंगाळत असेल तर शून्य. आणि पळून पळून मिळणार किती, तर वीसेक अँपिअर. खर्चाची बाजू अशी : पुढचे-मागचे दिवे मिळून नऊ-दहा अँपिअर, इग्निशन कॉइल तीन-चार, वायपर तीन, ब्रेक दाबला की मागचे दोन दिवे आणखी साडेतीन. म्हणजे जुलैच्या रात्री, पावसात, ब्रेकवर पाय ठेवून पुण्याच्या अलका चौकात सिग्नलला उभं राहणं ही या गाडीच्या हिशेबात चैन झाली. पेट्रोल जळतंय, पण मिळकत शून्य आणि सगळा खर्च बॅटरीच्या शिलकीतून.

बोनेटखाली एक काळी डबी असते, कटआऊट. डायनमोची वीज बॅटरीपेक्षा कमी पडली की ती दोघांचा संबंध तोडते. न तोडला, तर बॅटरी उलट डायनमोलाच मोटर समजून फिरवायला जाईल आणि स्वतः रिकामी होईल. हा संबंध तुटलेला असताना पेटतो तो लाल दिवा.

या दिव्याला न पेटू देण्यासाठी काकांनी एक अख्खी जीवनपद्धती उभी केली होती. सिग्नल दिसला की आधी हेडलाईट बंद. मग वायपर बंद. मग गाडी न्यूट्रलला टाकून इंजिन रेस करत राहायचं. शेजारच्या मोटारसायकलवरच्या पोराला वाटे, म्हातारा आपल्याशी शर्यत लावतोय. तोही रेस करी. सिग्नल सुटला की तो निघून जाई आणि काका मात्र आधी दिवे, मग वायपर, मग गिअर या क्रमाने चालू होईपर्यंत मागचे लोक त्यांच्या घराण्याचा उद्धार करत. हॉर्न द्यायचा झाला तर काका काचेतून हात बाहेर काढून ‘ओ!’ म्हणत. त्याला अँपिअर लागत नाहीत.

प्रश्न सोडवला काकूंनी. बालगंधर्वला नाटक सुटल्यावर, पैठणी नेसून, ओळखीच्या चार बायकांच्या देखत गाडी ढकलल्यानंतर घरी आल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, “एकतर नाटक बंद, नाहीतर हे नाटक बंद.” काकांना नाटकं आवडतात.

उपाय सगळ्या फिएटवाल्यांना माहीत असतो : डायनमो काढून अल्टरनेटर बसवायचा. पण पुण्यात उपाय माहीत असणं आणि करणं यांच्यामध्ये चर्चा नावाचा घाट लागतो. तळमजल्यावर एक निवृत्त प्रोफेसर राहतात. त्यांच्याकडे गाडी कधीच नव्हती, त्यामुळे त्यांची मतं अनुभवाने डागाळलेली नाहीत. त्यांचा आक्षेप मुळातच होता. “जुनी गाडी म्हणजे ऐतिहासिक दस्तऐवज. त्यात तुम्ही नवं पान कसं चिकटवता?” २०२१ साली केंद्राने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी व्हिंटेजचे नियम काढले, नंबरप्लेटवर ‘व्हीए’ अक्षरं देण्याची सोय केली, हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं. “गाडी मूळ स्वरूपात असली पाहिजे, असं त्यात म्हटलंय.”

“त्यात चासी, बॉडी आणि इंजिन म्हटलंय,” काका म्हणाले. “वीज कुठे म्हटलंय?”

“इंजिनाला बोल्टने जोडलेली वस्तू इंजिन की इंजिनेतर?” प्रोफेसरांनी विचारलं. या प्रश्नावर सोसायटीत दोन तट पडले. लिफ्टच्या दुरुस्तीची बैठक गणसंख्येअभावी तहकूब झाली होती; या चर्चेला बाहेरून खुर्च्या आणाव्या लागल्या.

शेवटी काकांनी हुकमी पान काढलं. अमेरिकेत क्रायस्लर कंपनीने १९६० सालीच व्हॅलिअंट गाडीला अल्टरनेटर दिला होता. “म्हणजे माझी गाडी जन्मली तेव्हा अल्टरनेटर आठ वर्षांचा होता. ही वस्तू माझ्या गाडीपेक्षा जुनी आहे, प्रोफेसर. मी गाडीला जास्त जुनी करतोय.” यावर प्रोफेसर प्रथमच गप्प बसले आणि मग म्हणाले की, निदान दिसायला तरी डायनमोसारखा बसवा. गंमत म्हणजे तशी सोय जगात आहे. इंग्लंडात डायनमोच्या आकाराच्या कवचात अल्टरनेटर घालून मिळतो, खास अशा लोकांसाठी ज्यांना वीज आजची हवी आणि देखावा आजोबांचा. त्याची किंमत रुपयांत किती होते हे काकांनी बघितलं आणि देखाव्याचा आग्रह आपोआप मावळला.

मग उस्ताद आले. उस्तादांचं गॅरेज नाना पेठेत, जिथे गाडीचा कुठलाही भाग मिळतो, फक्त तो कुठल्या गाडीचा हे आपल्याला ओळखता आलं पाहिजे. त्यांनी मारुतीचा एक जुना, नव्याने भरलेला अल्टरनेटर आणला. ४५ अँपिअरचा. काकांच्या डायनमोच्या निम्म्या लांबीचा. काकू म्हणाल्या, “एवढासा?”

उस्तादांनी तो हातावर तोलून समजावलं. “काकू, डायनमोत वीज तयार होते फिरत्या भागात. ती सगळी कार्बनमधून बाहेर काढायची, म्हणून कार्बन झिजतो, ठिणग्या उडतात. जास्त जोरात फिरवला तर आर्मेचरच्या तारा सुटून बाहेर येतात. यात उलटं. फिरतं ते फक्त चुंबक, वीज बाहेरच्या उभ्या गुंडाळीत. म्हणून पुली लहान लावून कितीही पळवा. वीज येते ती एसी, तीन फेजची. आत सहा डायोड आहेत, ते तिला डीसी करतात.”

“तीन फेज?” काकू म्हणाल्या. “आपल्या घरात एकच आहे.” त्या क्षणापासून काकूंचा गाडीबद्दलचा आदर वाढला.

बसवणं सोपं असतं, असं ज्यांनी ते बसवलेलं नसतं ते सांगतात. मारुतीचा अल्टरनेटर फिएटच्या ब्रॅकेटवर बसत नाही. नवं ब्रॅकेट करायला लेथवाला. लेथवाल्याचं ब्रॅकेट बसलं तर पट्टा पाव इंच तिरका. पाव इंचासाठी वॉशर. वॉशर घातले तर बोल्ट आखूड. बोल्ट लांब घेतला तर तो रेडिएटरच्या नळीला टेकतो. या साखळीतला प्रत्येक माणूस आधीच्या माणसाचं काम बघून एकच वाक्य म्हणे : “हे कुणी केलंय?”

ब्रॅकेट जमलं तेव्हा उस्ताद वायरिंगकडे वळले आणि तिथे खरा इतिहास उघडा पडला. पंचावन्न वर्षांच्या संसारात या गाडीतली प्रत्येक वस्तू कमी विजेवर जगायला शिकली होती. वायरी बारीक, कारण जाड वायरीतून पाठवायला होतंच काय? स्विचमधले पत्रे काळे पडलेले, पण दिवे इतके मंद की कुणाला संशय आला नाही. अर्थिंगची पट्टी गंजून नावापुरती. डायनमोच्या राज्यात सगळ्यांचं झाकून जात होतं. एकट्याला सुदृढ केलं आणि बाकीच्यांचे रोग दिसायला लागले. जुन्या गाडीत दुरुस्ती होते असं आपण म्हणतो. खरं तर दुखणं एका भागातून उठून शेजारच्या भागात राहायला जातं, आणि आपण दोन्ही घरांचं भाडं भरतो.

फ्यूजबॉक्स उघडला तेव्हा तर कौटुंबिक प्रसंग उद्भवला. फिएटचे फ्यूज चिनी मातीच्या छोट्या नळकांड्यांचे असतात, वर धातूची पट्टी. पट्टी जळाली की जुने लोक सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून काम भागवतात. उस्तादांनी असे तीन फ्यूज काढून काकूंच्या हातात ठेवले. “काकू, हे धोक्याचं आहे. आता ४५ अँपिअर आहेत. ही चांदी वितळणार नाही, वायरिंग पेटेल.”

काकूंना धोका वेगळाच दिसला. “तुम्ही सिगारेट सोडून किती वर्षं झाली म्हणालात?”

“झाली की... मुंज झाली तेव्हा धाकट्याची.”

“ही चांदी चकचकीत आहे.”

त्यानंतर बराच वेळ पार्किंगमध्ये फक्त उस्तादांच्या पान्याचा आवाज येत होता.

सगळं जोडून झालं. इंजिन चालू झालं. आणि शेजारच्या इमारतीतले एसटीचे निवृत्त ड्रायव्हर पुढे सरसावले. जुन्या ड्रायव्हरांची चार्जिंग तपासायची एक पद्धत आहे : इंजिन चालू ठेवून बॅटरीची वायर उपटायची. इंजिन बंद पडलं नाही म्हणजे चार्जिंग उत्तम. ते बॅटरीला हात लावणार तोच उस्ताद असे ओरडले की दुसऱ्या मजल्यावरचं बाळ उठलं. डायनमोवर हा खेळ बहुतेक खपून जाई. चालू अल्टरनेटरची बॅटरी अचानक तोडली, तर व्होल्टेज उसळतं आणि डायोड जागच्या जागी जातात.

“आम्ही एसटीत आयुष्यभर असंच बघितलं,” ड्रायव्हर दुखावून म्हणाले. “एकदाही बस बंद पडली नाही.”

“पडणार कशी?” उस्ताद म्हणाले. “डिझेलला ठिणगी लागतच नाही. बॅटरी काढून घरी नेली असती तरी बस चालली असती.” ड्रायव्हरसाहेबांनी ज्या परीक्षेवर अख्खी कारकीर्द काढली, तिच्यात नापास व्हायची सोयच नव्हती, हे त्यांना त्या दिवशी कळलं. ते लवकर घरी गेले.

पण आमची फिएटसुद्धा पास होईना. उस्तादांनी मीटर लावला. बॅटरीवर साडेबारा व्होल्ट. चार्जिंग होत असेल तर चौदाच्या आसपास दिसायला हवेत. पट्टा बघितला, कार्बन बघितले, वायरी बघितल्या. सगळं ठीक, आणि चार्जिंग नाही. लेथवाला म्हणाला, हे कुणी केलंय. शेवटी उस्तादांनी किल्ली फिरवली आणि डॅशबोर्डकडे बघत विचारलं, “काका, लाल दिवा का लागत नाही?”

“काढून टाकला,” काका अभिमानाने म्हणाले. “आता त्याचं काय काम? आयुष्यभर छळलं त्याने.”

उस्ताद खाली बसले. मग त्यांनी जे सांगितलं ते मी तेव्हापासून बऱ्याच ठिकाणी लागू करून बघितलं आहे. अल्टरनेटरचं चुंबक सुरुवातीला झोपलेलं असतं. त्याला जागं करायला जी इवलीशी वीज लागते ती या लाल दिव्यातूनच येते. तो बल्ब नसला तर अल्टरनेटर ढिम्म बसतो. फार तर जोरात रेस केली तर कधी तरी उठतो. म्हणजे काम सुरू करायचं असेल तर आधी कुणी तरी तक्रार करणारा जागेवर हवा. काम सुरू झालं की तो आपोआप विझतो. सोसायटीच्या कमिटीने तक्रारवही कपाटात कुलूप लावून ठेवल्याला किती वर्षं झाली, याचा मी मनात हिशेब केला.

बल्ब परत बसवला. किल्ली फिरवली, दिवा लागला. इंजिन चालू झालं, दिवा विझला. मीटरवर १४.२. काकांनी हेडलाईट लावले आणि समोरची भिंत अशी उजळली की तिच्यावरचा ‘येथे गाडी लावू नये’ हा मजकूर काकांना प्रथमच वाचता आला. ते गेली कित्येक वर्षं तिथेच गाडी लावत होते.

आम्ही धक्केकरी निवृत्त झालो. सकाळी एका किल्लीत गाडी चालू होते, हे जिन्यात उभं राहून ऐकायचं. मुक्तता झाली होती, पण माणसांच्या गाठीभेटी कमी झाल्या. धक्का मारता मारता सोसायटीतली दोन लग्नं जमली होती आणि एक पार्किंगचा वाद मिटला होता. आता एकमेकांशी बोलायचं तर कारण शोधावं लागे.

एकदा मात्र संधी आली. काकांच्या पुतण्याने गाडीत बसून गाणी ऐकली आणि दिवे तसेच ठेवून वर गेला. सकाळी बॅटरी ठार. आम्ही पूर्वीच्याच उत्साहाने बाह्या सरसावल्या. गेटपर्यंत ढकलली, गेटपासून देवळापर्यंत ढकलली, उतारावर काकांनी सेकंड टाकून क्लच सोडला. इंजिन नुसतं उचक्या देत राहिलं. डायनमोच्या काळात पार बसलेल्या बॅटरीवरही ही गाडी धक्क्याने चालू व्हायची, कारण डायनमोच्या लोखंडात उरलेलं थोडंसं चुंबकत्व पुरेसं होई. तो स्वतःच्या जुन्या पुंजीवर उभा राही. अल्टरनेटरचं तसं नाही. त्याला वीज करायला आधी वीज लागते. तो बँकेच्या वळणाचा : ज्याच्या खात्यात काही आहे त्यालाच तो जास्त देतो, रिकाम्या खातेदाराकडे बघत नाही. अखेर शेजारच्या मुलाने नवी गाडी आणून जंपर केबल लावली. दोन वायरी आणि एक मिनिट. आम्ही सात-आठ जण घाम पुसत बघत होतो. यंत्रामुळे रोजगार जातो, असं लोक म्हणतात. आमचा बिनपगारीही गेला.

पण खरी गंमत पुढे आहे. ४५ अँपिअर आले तेव्हा काकांना वाटलं, आता सात पिढ्यांना पुरेल. घरात ही बातमी पसरली. पुतण्याने अँप्लिफायर बसवला. काकूंनी मागच्या सीटसाठी पंखा मागितला. जावयांनी दिवाळीला धुक्यातले दिवे दिले, पंचावन्न वॉटचा एक, असे दोन. पुण्यात धुकं किती पडतं हे जावयांना विचारायचं नसतं. मोबाईलचे चार्जर, समोरचा कॅमेरा, कॅमेऱ्याला दिसावं म्हणून आणखी एक दिवा. प्रोफेसरांनीही अधिकृत मतभेद कायम ठेवून स्वतःचा फोन चार्जिंगला लावला. आणि एका संध्याकाळी खंबाटकीचा घाट चढताना गाडीचा जीव दमला, दिवे मिणमिणले, लाल दिव्याने पुन्हा डोळा उघडला.

उस्तादांना बोलावलं. काका म्हणाले, “पासष्ट अँपिअरचा मिळतो म्हणे?”

“मिळतो की. पण वीज फुकट येत नाही, काका. पंचेचाळीस अँपिअर म्हणजे सव्वासहाशे वॉट. अल्टरनेटरमध्ये उष्णतेत जातं ते धरलं तर इंजिनाची दीड-पावणेदोन अश्वशक्ती त्यालाच लागते. तुमच्या गाडीत घोडे आहेत सगळे चाळीस, तेही वयस्कर. आणखी वाढवलं तर घाट कोण चढणार आणि गाणी कोण वाजवणार?”

काका विचारात पडले. पण ते महाराष्ट्रात मोठे झालेले आहेत आणि विजेच्या टंचाईला आपल्याकडे शास्त्रशुद्ध उत्तर आहे. दुसऱ्याच दिवशी ग्लव्हबॉक्सवर टाइप केलेला कागद चिकटलेला होता. शीर्षक : ‘भारनियमनाचे वेळापत्रक’. पंखा : दुपारी, फक्त सपाटीवर. अँप्लिफायर : शनिवार-रविवार, वायपर बंद असल्यास. धुक्याचे दिवे : जावई गाडीत असल्यास. हॉर्न : अत्यावश्यक सेवा, अन्यथा हात बाहेर काढून ‘ओ!’ म्हणावे. शेवटी ठळक अक्षरांत एक टीप होती : ‘काकूंचा मोबाईल भारनियमनातून वगळण्यात आला आहे.’ खाली सही काकांची, पण अक्षर काकूंचं.